मशीनमधलं निळीचं पाणी

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी "तुम्ही पहिल्यापासूनच तसले" असं म्हणायला नको. मी फिटर माणूस. पंप, मोटारी, व्हॉल्व्ह यांच्यात हात काळे करण्यात जन्म गेला. भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहाचं आधण ठेवायला जातो. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा तिथे तिठ्यावर उतरवून ठेवलेलं लिंबू मी उचलून आणलं आणि त्याचं सरबत करून प्यालो. जावई म्हणून कोणी बोललं नाही इतकंच.

तरीही एक गोष्ट अशी आहे की ती मी आजवर एक डॉक्टरबाई आणि बायको सोडून कोणाला सांगितली नाही. सांगायला भीती वाटते म्हणून नव्हे... लाज वाटते म्हणून. का ते पुढे कळेलच.

बहात्तरचा दुष्काळ. नेमकं सांगायचं तर त्र्याहत्तर सालचा एप्रिल. नगरहून पाथर्डीकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत एक मिशनचं हॉस्पिटल होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मी मूळचा संगमनेरचा, नगरला आयटीआय करून त्या हॉस्पिटलात मेंटेनन्सला लागलो होतो. वय चोवीस. विहिरीवरचा पंप, ऑपरेशनपुरता चालणारा जनरेटर आणि लॉन्ड्रीतलं कपडे धुण्याचं मशीन एवढा माझा संसार.

त्या काळी नगर जिल्ह्यात धुण्याचं मशीन किती जणांनी पाहिलं असेल कोण जाणे. हे कुठल्याशा परदेशी चर्चने जहाजाने पाठवलेलं. पांढरा मोठा गोल पिंप, आत कपडे घुसळणारा दांडा, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ. तळाला एक छोटा पंप आणि त्यातून निघणारी रबरी नळी. धुऊन झालं की नळी काठावरून काढून खाली सोडायची, खटका ओढायचा, की पाणी बाहेर. पंप चालला नाही तरी नळी खाली सोडली की पाणी आपोआप उतरायलाच हवं. यात काही अक्कल लागत नाही.

लॉन्ड्री मार्थाबाईंच्या ताब्यात होती. गावातल्याच, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, पन्नाशीच्या. अंगाने किरकोळ, पण ओल्या चादरींचा भारा एका हाताने उचलायच्या. मला "मिस्तरी" म्हणायच्या आणि माझ्या आयटीआयचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं.

त्यांची एक पद्धत होती. पेशंट बाईचं लुगडं धुवायला आलं की पाण्यात घालण्याआधी त्या पदर चाचपायच्या. आमच्याकडे बायका सगळं पदराच्या गाठीत बांधतात – तंबाखू, सुपारीचं खांड, देवाचा अंगारा, काय वाटेल ते. मार्थाबाई एकेक गाठ सोडायच्या, निघेल ते डब्यात घालून त्यावर खाटेचा नंबर लिहायच्या आणि मगच कपडा पाण्यात सोडायच्या. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाल्या, "गाठीसकट कपडा पान्यात घालू न्हाई, मिस्तरी. बाईचा जीव गाठीत असतो."

मी मनात म्हटलं, चर्चला जाऊनसुद्धा हे असंच का!

दुष्काळामुळे मोठ्या सिस्टरांनी पाण्याचे कडक नियम केले होते. विहीर तळाला गेलेली, टँकर आला तर आला. मशीन आठवड्यातून दोनदाच भरायचं. पहिलं साबणाचं पाणी संडासांना. शेवटचं खळबळायचं पाणी नळीने बाहेरच्या सिमेंटच्या हौदात सोडायचं, कारण तिथे गावातल्या बायका हंडे-बादल्या घेऊन रांग लावून बसलेल्या असायच्या. त्यांच्या धुण्याला आणि जनावरांना तेच पाणी. आणि शेवटच्या पाण्यात चादरी आणि पेशंटचे कपडे एकत्रच घालायचे, दोनदा पाणी घ्यायचं नाही. त्या पाण्यात चादरींसाठी नीळ असायची. लोकांच्या कपड्यांना नीळ लागते म्हणून मार्थाबाई कुरकुर करायच्या, पण करणार काय.

सोमवारी दुपारी एका ट्रक ड्रायव्हरने एक बाई आणून टाकली. रस्त्याच्या कडेला पडलेली सापडली म्हणे. उन्हाचा झटका. तिशीच्या आतली, हाताला खडी फोडून पडलेले घट्टे. म्हणजे दुष्काळी कामावरची, एवढं कोणीही ओळखलं असतं. पण जिल्हाभर कामं चालू होती, ही कुठली, कोणाची... काही कळायला मार्ग नव्हता. ताप इतका की डॉक्टरबाईंनी कपडे उतरवून ओल्या चादरीत गुंडाळून ठेवली. मधूनच डोळे उघडायची, पण बोलायची नाही. आणि पाणी प्यायची नाही. चमचा ओठाला लावला की दात घट्ट मिटून तोंड फिरवायची. सलाईन लावलं तेवढंच.

आता एक गोष्ट तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. आम्हाला तेव्हा ती ठाऊक नव्हती, पण तुम्हाला ठाऊक असलेली बरी. तिथून आठ-नऊ मैलांवर माळावरच्या एका खोपटात, बाहेरून कुलूप घातलेल्या दाराआड, त्या बाईची चार वर्षांची पोर होती.

मंगळवारी लॉन्ड्रीचा दिवस. वीज दहाला यायची आणि बाराला जायची. साडेअकरा होत आलेले, शेवटचं पाणी भरलेलं, नीळ टाकलेली, आणि मार्थाबाई त्या बाईच्या विटक्या हिरव्या लुगड्याची गाठ सोडत बसलेल्या. घामाने आणि धुळीने दगडासारखी झालेली गाठ. मला घाई. मी त्यांच्या हातातून लुगडं घेतलं आणि म्हटलं, "राहू द्या हो, वीज जाईल. मशीन घुसळेल तशी गाठ आपोआप सुटेल." आणि टाकलं आत.

मार्थाबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मशीन घुसळून झालं. मी नळी खाली सोडली, खटका ओढला. पंपाचा आवाज आला, पट्टा फिरत होता... आणि नळीतून थेंब नाही. बाहेर हौदापाशी बायकांची हाकाटी सुरू. म्हटलं, नळी मुडपली असेल. सरळ केली. तोंडाने फुंकली. वारा सरळ आत गेला, पिंपात बुडबुडे आले. म्हणजे नळी मोकळी होती. तेवढ्यात वीज गेली.

"एअरलॉक," मी जाहीर केलं. आमच्या धंद्यात जे समजत नाही त्याला एअरलॉक म्हणतात.

मार्थाबाई म्हणाल्या, "मिस्तरी, त्या लुगड्याची गाठ सोडायची ऱ्हायलीय. मी हात घालून काढते, मग बगा तुमचं मशीन."

"हात घालू नका," मी म्हटलं. "आहे तसं राहू दे. मला फॉल्ट शोधायचाय."

मोठ्या सिस्टर येऊन म्हणाल्या, बादलीने उपसून टाका, बायका उन्हात बसल्यात. हे मला फार लागलं. उपसून काढायचं तर फिटर कशाला ठेवलाय? मी म्हटलं, "सिस्टर, उद्या वीज यायच्या आत दुरुस्त करून देतो. पाण्याला कोणी हात लावायचा नाही." माझा आवेश पाहून त्या गेल्या. रांगेतल्या बायका रिकामे हंडे घेऊन घरी गेल्या, जाताना माझा उद्धार करत.

दुपारभर मी त्या मशीनखाली उताणा पडून होतो. आधी पंपाच्या तोंडाची क्लिप सोडली आणि नळी काढली. खाली बादली धरलेली. भरलेल्या पिंपाच्या तळाला दोन बोटं जातील एवढं उघडं भोक... आणि त्यातून पाणी पडेना. मी पंप सोडवून बाजूला ठेवला. त्याचा पंखा तपासला. साफ. धागा नाही, बटण नाही, काही नाही. मग एक सळई घेतली आणि खालून भोकात घातली. कुठेही अडली नाही. उठून वरून पाहिलं तर चादरींच्या मध्ये, निळसर पाण्यात सळईचं टोक दिसत होतं. सळई बाहेर काढली, ती ओली होती. माझ्या मनगटावर तिचे चार थेंब पडले. भोकातून मात्र काही नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच समजायला हवं होतं. खरं आहे. माझ्या अंगावर काटा आला होता हेही खरं. पण मी काय केलं असेल? पंप परत बसवला, नट आवळले आणि वॉशरला दोष दिला.

मार्थाबाई दारात उभ्या होत्या. संध्याकाळी घरी जाताना पुन्हा म्हणाल्या, "लुगडं तेवढं काढू द्या, बाबा. माझं मन खातंय." मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "उद्या."

तो एक शब्द मला अजून ऐकू येतो.

बुधवारी दहाला वीज आली. बायका पुन्हा रांगेत. मी नळी हौदात सोडली, खटका ओढला. मोटर फिरते, पट्टा फिरतो, पाणी जागच्या जागी. मी पट्टा बदलला. खटका ढिला करून पाहिला. अकराच्या सुमारास मी घामाने निथळत मशीनवर एक लाथ घातली, आणि तेव्हा मार्थाबाई मला बाजूला सारून पुढे आल्या. बाही वर केली, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ते हिरवं लुगडं ओढून काढलं.

गाठ तशीच होती. मशीनने इतकं घुसळूनही एक पीळ सैल झालेला नव्हता. मार्थाबाईंनी ती दातांनी सोडवली.

आत एक किल्ली होती, साध्या लोखंडी कुलुपाची. आणि एक बांगडी. काचेची, लाल, एवढीशी... माझ्या चार बोटांतही बसली नसती. अख्खी होती, तडासुद्धा गेलेला नव्हता. आमच्याकडे आया पोरीसाठी बाजारातून बांगड्या आणायच्या तर मापाला जुनी बांगडी बरोबर नेतात.

मार्थाबाईंनी ती बांगडी उजेडाला धरली. "आगं माझ्या बाई," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मिस्तरी, पोर कोंडून आलीय ही. आज तिसरा दिस."

आणि त्याच वेळी मशीनमध्ये गुडगुड आवाज झाला. मी पाहिलं तर पाणी उतरत होतं. भराभर, भोवरा घेत. मी काहीही केलेलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात पिंपाचा तळ दिसला, चादरी बसल्या.

बाहेरून एक बाई ओरडली, "आवो मिस्तरी, सोडा की पानी!"

मी दारातून वाकून पाहिलं. नळी हौदात होती. हौद कोरडा ठक्क. नळीचं तोंड कोरडं. मागे वळून लॉन्ड्रीची फरशी पाहिली, तीही कोरडी. चार-पाच बादल्या पाणी... पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता.

हॉस्पिटलची जीप काढली. ड्रायव्हर, मी आणि मार्थाबाई, त्यांच्या मांडीवर ते ओलं लुगडं. ट्रकवाल्याला बाई जिथे सापडली त्या बाजूला गेलो. पहिल्या कामावर कोणी ओळखलं नाही. दुसऱ्या ठिकाणी बायका कामावर खायला वाटलेली सुकडी घेऊन बसल्या होत्या. मार्थाबाईंनी लुगडं पसरून धरलं, तशी एक म्हातारी उठून आली.

"हे तर चंद्रीचं. दोन दिस झालं आली न्हाई. आमी म्हनलं नवऱ्याकडं गेली आसंल ममईला."

"तिची पोर कुठंय?" मार्थाबाईंनी विचारलं.

"वस्तीवर. कुलूप लावून येती रोज. लांडग्याचं भ्या हाय ना माळाला, आन मोकळी हीर हाय दाराम्होरं." मग म्हातारीच्या ध्यानात आलं. तिच्या हातातली सुकडी खाली पडली. "वस्तीवर कोन बी न्हाई वो. समदी ढोरं घिऊन छावनीला गेल्याती."

म्हातारी वाट दाखवायला जीपमध्ये बसली. माळावर चार खोपटी, सगळी ओसाड. शेवटच्याला पत्र्याचं दार होतं आणि त्याला कुलूप. आतून आवाज नव्हता. किल्ली माझ्याकडे होती. घाईत दोनदा कुलुपाचं भोक चुकलं. पत्रा उन्हाने असा तापलेला की हाताला चटका बसत होता, आणि मी स्वतःशी म्हणत होतो, काल... काल दुपारी...

दार उघडलं.

पोर माठाला टेकून बसली होती. ओठ निळे. मला वाटलं, संपलं. मी दारातच थिजलो. मार्थाबाई मला ढकलून आत गेल्या आणि तिला उचललं, तशी तिने मान फिरवून आमच्याकडे पाहिलं. उजेडाने डोळे बारीक केले. जिवंत होती.

खोपटात वास येत होता. साबणाचा, ओल्या चादरींचा, आमच्या लॉन्ड्रीचा वास. जमीन माठाभोवती ओली होती. त्या वर्षी, त्या माळावर, ओली जमीन. मी माठात डोकावलो. काठोकाठ भरलेला. ओंजळीत पाणी घेतलं आणि दारात उजेडाला आणलं.

निळसर होतं. नीळ थोडी जास्त पडली की होतं तसं.

मार्थाबाईंनी पोरीचं तोंड पदराने पुसलं. पदराला निळा डाग लागला. त्यांनी तो डाग पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पोरीला विचारलं, "पानी कुनी दिलं गं तुला?"

"आयनं."

"कवा?"

"आत्ता आल्ती." आवाज फुटत नव्हता तिचा. "वतून गेली."

"दार उघडून आल्ती?"

पोरीने मान हलवली. नाही म्हणून.

आम्ही हॉस्पिटलात परतलो तेव्हा दोन वाजून गेले होते. डॉक्टरबाईंनी पोरीला तपासलं आणि म्हणाल्या, अशक्त आहे, पण पोटात पाणी आहे, घाबरू नका. आई वीस मिनिटांपूर्वी गेली होती. वॉर्डातली सिस्टर सांगत होती, सकाळी अकराच्या पुढे तिने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. चमच्याने पाणी दिलं तर प्यायली. पेलाभर प्यायली, आणि मग शांत पडून राहिली. सिस्टरला वाटलं, आता वाचते.

पोरीला घेऊन मार्थाबाई त्या खाटेपाशी गेल्या. मी नाही गेलो. मी लॉन्ड्रीत जाऊन रिकाम्या मशीनपाशी उभा राहिलो आणि ढसाढसा रडलो.

नंतर मी खूप डोकं खाजवलं. म्हटलं, माठ तिने सोमवारी पहाटेच भरून ठेवला असेल. पण कामावरच्या म्हातारीनेच सांगितलं की त्या वस्तीवर आठवडाभर टँकर आलेला नव्हता, आणि चंद्री कामावरून एक कळशी डोक्यावर घेऊन जायची. तीन दिवस एप्रिलच्या उन्हात माठ काठोकाठ कसा राहील? आणि नीळ? त्या खोपटात पांढरा कपडा नावाला नव्हता. मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या शास्त्राच्या बाई. ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तू दमलायस, जाऊन झोप." मशीन पुढे मी तिथे होतो तोवर कधीच अडलं नाही. त्याचा एकही भाग मी बदलला नव्हता, पट्टा सोडला तर.

पोरीचा बाप मुंबईहून आला आणि तिला आजोळी ठेवून गेला. मार्थाबाई वर्षातून एकदा तिला भेटायला जायच्या, मलाही ओढून न्यायच्या. त्या गेल्यावर मी एकटा जात राहिलो. आज ती पन्नाशी ओलांडलेली, नातवंडांची आजी आहे. मला काका म्हणते. ती लाल बांगडी तिच्याकडे आहे. पाण्याचं तिला काही आठवत नाही. आईचा चेहराही आठवत नाही, आणि तो मी तिला सांगावा म्हणून ती मला दरवेळी विचारते... कारण तिच्या आईला शेवटी पाहिलेल्यांपैकी आता मीच उरलोय. मी सांगतो. डोळे मोठे होते, म्हणतो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ती मधूनमधून डोळे उघडत होती, दाराकडे बघत होती, हे मात्र मी तिला कधी सांगितलेलं नाही.

मशीनमधलं पाणी एक दिवस-रात्र कशाने अडलं आणि नंतर कुठे गेलं, हे मला आजही सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर जरूर लिहा, मी वाचीन. पण मंगळवारी दुपारी एक बाई मला गाठ सोडू द्या म्हणत होती आणि मी तिला सोडू दिली नाही. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते भुताखेतांचं वगैरे काही नाही.